जुन्या झडपा आणि नवे यंत्र

संसारात जुन्या वस्तूंविषयी दोन पक्ष नेहमीच आढळतात. एक म्हणतो, जी वस्तू इतकी वर्षे चालली ती पुढेही चालेल. दुसरा म्हणतो, नवे आणावयाचे ठरल्यावर जुन्याची लुडबुड कशाला? वस्तू उघडून पाहण्याचे श्रम मात्र दोघांपैकी एकही पक्ष घेत नाही. आमच्या घरी हा वाद गेल्या वर्षी अशा एका वस्तूवरून निघाला की, तिचे नावही महाराष्ट्रातील पुष्कळ वाचकांच्या कानी आले नसेल. परंतु ज्यांचे मुलगे किंवा लेकी ऑस्ट्रेलियात संसार थाटून आहेत, त्यांस तिचा परिचय उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहोत.

आमचे बिऱ्हाड मेलबर्न येथे आहे. तेथे जुलै महिन्यात पहाटे पारा पुष्कळदा पाच-सहा अंशांवर उतरतो, आणि उन्हाळ्यात तेच शहर भाजून निघते. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ४६.४ अंश सेल्सियसची नोंद झाली होती. १९६५ साली बास सामुद्रधुनीत नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला व १९६९ पासून तो मेलबर्नच्या घरांतून पोहोचू लागला. गॅस मुबलक व स्वस्त, म्हणून घरात गॅसची भट्टी ठेवून तिची ऊन हवा नळ्यांवाटे खोलोखोली नेण्याची पद्धत तेथे रूढ झाली. आता वारे फिरले आहे. १ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरिया राज्यात नियोजन-परवाना लागणाऱ्या नव्या घरांस गॅसची जोडणी मिळत नाही. जुन्या घरांतूनही भट्टी काढून तिच्या जागी विजेवर चालणारे, हिवाळ्यात ऊब व उन्हाळ्यात गारवा देणारे ‘रिव्हर्स सायकल’ यंत्र बसविण्याकडे पुष्कळांचा कल आहे. आमच्या भट्टीनेही गेल्या वर्षी राम म्हटला, तेव्हा आम्हीही तोच मार्ग धरला.

आता वादाचा विषय. यंत्रातून निघणारी हवा छपराखालच्या पोकळीतून एका मोठ्या नळीने जाते, आणि पुढे तिला खोल्यांकडे जाणाऱ्या शाखा फुटतात. प्रत्येक शाखेच्या तोंडाशी एक वाटोळी झडप असते. तिला ‘डॅम्पर’ म्हणतात. पाटाच्या पाण्याला शेतकरी जसे बारे देतो, त्याचप्रमाणे ही झडप हवा कोणत्या खोलीकडे जाऊ द्यावी व कोणाकडे अडवावी, हे ठरविते. झडपेच्या आसाला एक लहानशी विजेची मोटर जोडलेली असते आणि भिंतीवरच्या पेटीचे बटण दाबले की ती फिरते. आमच्या घरी अशा सहा झडपा होत्या.

पहिला कारागीर आला, त्याने छपराखाली न चढताच सांगितले की, झडपा जुन्या झाल्या, सर्व बदलाव्या लागतील. दादांस हे मुळीच रुचले नाही. “चालत्या गाडीची चाके काढून फेकावयाची, हा कुठला न्याय?” असे म्हणून ते एकही झडप बदलू देईनात. पुतण्याचे म्हणणे, “बाबा, नवे यंत्र फोनवरून चालणार, त्याला या जुनाट झडपा काय समजणार?” दोन दिवस जेवणाच्या वेळी हाच विषय चालला. शेवटी आई म्हणाली, “अरे, झडपा नव्या बसवा की जुन्या ठेवा. माझी खोली ऊब धरील का, तेवढे सांगा.” आईची खोली घराच्या अगदी टोकाला आहे, आणि हिवाळ्यात ती रात्री दोन स्वेटर चढवून निजत असे. या प्रश्नाचे उत्तर ना दादांजवळ होते, ना पुतण्याजवळ, आमच्याजवळही नव्हते.

म्हणून दुसरा कारागीर बोलाविला व त्यास प्रथम वर चढून पाहण्याची विनंती केली. त्याने प्रत्येक झडपेला तीन प्रश्न विचारले. ती पुरती उघडते काय? मिटल्यावर हवा खरोखर अडते काय? आणि नव्या पेटीची आज्ञा तिला कळेल काय? पहिल्या दोहोंची परीक्षा घरची मंडळीही करू शकतात. एकेक विभाग चालू-बंद करावा व खोलीतील जाळीशी कागदाची चिंधी धरून ती किती फडफडते ते पाहावे. तिसऱ्या प्रश्नाला मात्र जाणकारच पाहिजे. बहुतेक झडपांच्या मोटरी २४ व्होल्टवर चालतात. परंतु काही मोटरी उघडण्यास व मिटण्यास दोन्ही वेळा वीज घेतात, तर काही विजेने उघडतात आणि वीज गेली की स्प्रिंगने आपोआप मिटतात. शिवाय तारांच्या टोकांची रचना प्रत्येक कारखानदाराची निराळी असते. टोक खाचेत बसले म्हणजे जुळले, असे समजून चालत नाही. आमच्या झडपा नव्या पेटीशी जुळणाऱ्या निघाल्या. सहांपैकी पाच धडधाकट होत्या. दिवाणखान्याकडील एकीची मोटर जळाली होती, पण पाते शाबूत होते.

येथवर दादांचा पक्ष वरचढ दिसला. पण कारागिराने पुढे जे समजाविले, ते दोन्ही पक्षांस नवे होते. गॅसच्या भट्टीची हवा साधारण ५० ते ६० अंश तापलेली असते. म्हणून थोडी हवाही खोलीला पुरते. नव्या यंत्राची ऊन हवा सुमारे ३५ ते ४५ अंशांची, आणि गार हवा १२ ते १५ अंशांची. हवा व खोली यांच्या उष्णतेत अंतर जितके कमी, तितकी हवा अधिक लागते. आणि ती जुन्या बारीक नळ्यांतून जावी कशी? आईच्या खोलीची नळी सर्वांत लांब, आणि व्यास केवळ १५० मिलिमीटर. व्यास २०० मिलिमीटर केल्यास नळीचे तोंड सुमारे पावणेदोन पट मोठे होते. म्हणजे खोली गार राहण्याचा दोष झडपेकडे नव्हताच. तेथे त्याच मापाची नवी कोरी झडप बसविली असती, तरी आईचे दोन स्वेटर सुटले नसते.

म्हणून शेवटी आईची नळी रुंद केली, आणि नळीबरोबर तिची धडधाकट झडप मापाला लहान म्हणून काढावी लागली. त्या झडपेची मोटर दिवाणखान्याकडील जळक्या मोटरीच्या जागी लावली. दोन्ही एकाच बनावटीच्या होत्या. सहांपैकी एकच झडप नवी घ्यावी लागली. या जुलैत आईने एक स्वेटर पेटीत ठेवून दिला.

जे या खटपटीत पडणार आहेत, त्यांस आणखी काही सांगावेसे वाटते. सर्व झडपा मिटून एकच लहान खोली उघडी ठेवू नये; यंत्राच्या हवेला वाट न मिळाल्यास आवाज वाढतो, यंत्र मधेच बंद पडते, आणि गारव्याच्या दिवसांत आतील नळ्यांवर बर्फही धरतो. आम्ही दिवाणखाना नेहमी उघडा ठेवतो. केवळ उबेसाठी घातलेल्या नळ्यांचे वेष्टण पातळ असेल, तर उन्हाळ्यात त्यांवर दव धरून छत भिजते. तेही तपासून घ्यावे. फार जुन्या घरांत नळ्यांच्या सांध्यांवर ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्या देशात ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी २००३ च्या अखेरीस आली. तेव्हा परीक्षा झाल्यावाचून अशा सांध्यांस हात लावू नये. यंत्रातील शीतवायूचे व घरच्या विजेचे काम परवानाधारकाकडूनच करवावे, असा तेथील कायदा आहे. आणि कोणत्या जुन्या झडपा ठेवल्या, त्या बिघडल्यास जबाबदारी कोणाची, हे काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यावे.

जुने म्हणजे निकामी नव्हे, हे आपल्या घरांतून वडीलधारी मंडळी नेहमी सांगतात, आणि ते खरे आहे. परंतु चालते म्हणजे जुळते, असेही नव्हे. हे तरुण मंडळी म्हणतात, तेही तितकेच खरे. दोघांचेही म्हणणे कोठवर खरे आहे, हे शिडी लावून वर चढल्यावाचून कळत नाही.