पालापाचोळ्याची गाडी नको

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी आपापल्या भागातली कामं सुचवायची सोय 2006 पासून आहे. त्या अर्जात मी बरीच वर्षं एकच काम लिहीत आलो: पालापाचोळा उचलायला स्वतंत्र गाडी द्या, आणि रोज द्या. गाडी आली तर शहर स्वच्छ, नाही आली तर प्रशासन झोपलेलं, इतकं माझं नियोजनशास्त्र सोपं होतं. आता मी ती मागणी करत नाही. दुसऱ्या कुणी केली तर उठून विरोध करतो, त्यामुळे जुने सहकारी जरा संशयानेच बघतात.

पहिली शंका आली ती गाडीत नक्की काय चाललंय हे पाहून. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्यांवर पानांचा खच पडतो. ही कोरडी पानं भरली की ट्रॉली शिगोशीग दिसते, पण वजन नावाला. म्हणजे आपण डिझेल जाळून बरीचशी हवाच गावाबाहेर पोचवत होतो. आणि गाव तरी कोणाचं? उरुळी देवाची आणि फुरसुंगीने कितीतरी वर्षं या शहराचा कचरा सोसला, विहिरींचं पाणी गमावलं. तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या तेव्हा ‘गाड्या सुरू कधी होणार’ एवढंच विचारणाऱ्यांत मीही होतो.

खरा धक्का मात्र सोसायटीतल्या खताच्या खड्ड्याने दिला. ओल्या कचऱ्याला वास यायचा, अळ्या व्हायच्या, तळाशी काळं पाणी साचायचं. आम्ही कचरा कुजवणाऱ्या कल्चरच्या पुड्या बदलून पाहिल्या. दोष कल्चरचा नव्हताच. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात पाणी आणि नत्र जास्त, कर्ब कमी. खत नीट व्हायला एक भाग नत्राला साधारण पंचवीस-तीस भाग कर्ब लागतो, आणि वाळक्या पानांत तो पन्नासाच्या वर असतो. शिवाय पानं पाणी शोषतात, थरांमध्ये हवा खेळती ठेवतात. ओल्याच्या प्रत्येक बादलीवर दोन-तीन बादल्या पाला पडू लागला आणि वास गेला. इतकी वर्षं मी जे फुकट घेऊन जा म्हणून अर्ज करत होतो, नेमकं तेच खड्ड्याला कमी पडत होतं. हल्ली मार्चमधला पाला जाळीच्या पिंजऱ्यात साठवून ठेवतो, कारण पावसाळ्यात कोरडं पान शोधूनही मिळत नाही. नुसत्या पाल्याचंही खत होतं. ओलावा हवा, थोडा शेणकाला किंवा जुनं खत हवं, आणि धीर हवा. आंब्या-फणसाची जाड पानं तर महिनोन्‌महिने तशीच राहतात. ढिगात साप येतील ही भीती दर सभेत निघते. ढीग हलता आणि ओलसर ठेवा, याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

एक गोष्ट सांगायला जीभ जड होते. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून दारोदार ओला-सुका कचरा गोळा करते. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या तिथल्या बाईंना मिळतं ते घरटी महिन्याचं शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे. पाल्याचा कुणी रुपया देत नाही, पण ढकलगाडी मात्र पाल्यानेच भरते. ‘नाही तरी येताच आहात, एवढं न्या’ असं म्हणून ओल्याच्या बादलीत बागेतली पानं दडपणाऱ्या घरांत आमचंही घर होतं. सेवा वाढवा म्हणताना ती कोणाच्या पाठीवर वाढते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

पाला जाळणाऱ्यांविषयीही मी आता तितका तावातावाने बोलत नाही. उघड्यावर जाळल्यास पाच हजारांचा दंड, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायची जबाबदारी आपल्यावर टाकली. धूर वाईटच. पण रस्ता झाडणाऱ्याला ढीग टाकायला जागाच दिली नाही, तर तो काडी ओढणार. म्हणून पदपथाच्या कडेला, प्रत्येक बागेत, झाडाच्या आळ्यात पाल्यासाठी जागा आखा, असं मी म्हणतो.

फांद्यांचं मात्र तसं नाही. पावसाळ्याआधी छाटणी होते, तेव्हा मांडीएवढ्या जाड फांद्या आवारात येऊन पडतात. त्या कुजायला वर्षं लागतात आणि त्यांना कोणताही खड्डा पुरत नाही. तिथे महापालिकाच हवी. यंदाच्या अर्जात मी फांद्यांचा भुगा करणारं फिरतं यंत्र मागितलंय. ते दारात यावं, भुगा आम्हालाच द्यावा आणि पुढे जावं. यंत्र दुपारी एक ते चार बंद ठेवावं, अशी उपसूचना लगेच आली. ती मी बिनविरोध मान्य केली.