पेंचचे जंगल आणि आपला धुरा

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागले की कामठी, कन्हान मागे पडते आणि मनसरजवळ उजव्या हाताला रामटेकच्या गडावरची देवळे दिसू लागतात. तिथपर्यंत दोन्ही बाजूंना शेती आहे. मनसर सोडले की जमीन उंचसखल होते, मँगेनीजच्या खाणी मागे राहतात आणि सागाची झाडे रस्त्याच्या अगदी जवळ येतात. इथून पुढे पेंचचे जंगल. नागपूरपासून सिल्लारीचे फाटक सत्तरएक किलोमीटर असेल. सकाळी निघाले तर रात्री घरी परतता येते.

गेल्या मार्गशीर्षात बावीस शेतकऱ्यांना घेऊन मी तिथे गेलो होतो. शेतकऱ्यांच्या सहली मी पंचवीसएक वर्षे काढतो आहे. कधी अकोल्याचे कृषी विद्यापीठ, कधी काटोलकडचे संत्र्याचे बगीचे. जंगलाची सहल मात्र ही पहिलीच. तिला कारणही तसेच घडले होते.

ही मंडळी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या काठावरच्या एका गावची. तूर, सोयाबीन, थोडा धान, थोडी मिरची अशी शेती. रात्री रोही आणि रानडुकरे शेतात उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग कधी कधी वाघही येतो. आदल्या हंगामात शेजारच्या गावात डुकरांसाठी कुंपणाला सोडलेल्या करंटने एक तरुण शेतकरी गेला. तार दुसऱ्याच्या शेताची होती. हा पहाटे ओलिताला निघाला होता, अंधारात पाय अडखळला. मी त्या घरी जाऊन आलो. दारात दोन लहान मुले बसली होती. त्या दिवसापासून मनात होते की या विषयावर सभा घेऊन भाषण देण्यापेक्षा माणसांना बरोबर घेऊन जंगल पाहावे आणि मग बोलावे.

गाडीत बसताना एक वयस्क काकाजी म्हणाले, “साहेब, वाघ पाहाले कायले नेता? थो तं आमच्या धुऱ्यावरच येते.” सगळे हसले. मीही हसलो. पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

उद्यान म्हणजे बाग नव्हे

‘राष्ट्रीय उद्यान’ म्हटले की फुलांचे ताटवे डोळ्यांपुढे येतात. नावाने फसू नये. कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात चराई, लाकूडतोड, शेती यांतले काहीच चालत नाही. अभयारण्यात काही जुने हक्क परवानगीने राहू शकतात. आपल्या देशात पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ साली हिमालयाच्या पायथ्याशी झाले. आज त्याला कॉर्बेट म्हणतात. महाराष्ट्रात पहिला मान ताडोबाचा, वर्ष १९५५. आता राज्यात अशी सहा उद्याने आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, मेळघाटातील गुगामल, मुंबईचे संजय गांधी आणि सह्याद्रीतील चांदोली. सहांपैकी चार आपल्या विदर्भात.

वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला आणि १९७३ च्या एप्रिलमध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. पेंचला १९७५ साली उद्यानाचा आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

सिल्लारीला आम्ही चार जिप्सी गाड्यांत बसलो. गाइड म्हणून मिळालेली मुले जवळच्याच गावांतली होती. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह ही झाडे आमच्या मंडळींना नवी नव्हती. पांढऱ्याफटक खोडाचा कुलू दिसला तेव्हा एक बाई म्हणाल्या, “रातच्याले हे झाड पाहून भुताचाच भेव वाटत असन.” गाइड म्हणाला, “ताई, पर्यटक याले भुताचंच झाड म्हणतेत.”

वाघ काही दिसला नाही. रस्त्याच्या धुळीत पंजा उमटलेला दिसला. पंजावर चितळाचे खूर पडलेले नव्हते, म्हणजे वाघ पहाटेच गेला असावा. हे गाइडच्या आधी आमच्या काकाजींनी ओळखले. पुढे वानराने खाकरल्यासारखा आवाज दिला आणि चितळांचा कळप कान टवकारून उभा राहिला. रानगवेही दिसले. आपल्या जातिवंत बैलापेक्षा थोराड, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. मंडळी गप्प बसून पाहत राहिली.

वाघाच्या पाठीशी पाणी आहे

तोतलाडोहच्या जलाशयाकाठी गाड्या थांबल्या. पाणी दूरवर पसरलेले, मध्ये बुडालेल्या झाडांची काळी खोडे. तिथे मी माझा धडा काढला.

पेंच नदी सातपुड्याच्या डोंगरातून मध्य प्रदेशातून येते. तोतलाडोहला वीज तयार होते, खाली नवेगाव खैरीला पाणी अडवून कालव्यांनी पारशिवनी, रामटेक, मौदा या तालुक्यांकडे जाते. तिथला धान या पाण्यावर उभा राहतो. नागपूर शहर पिते त्या पाण्याचा मोठा भागही इथलाच.

मंडळींना मी एक साधी गोष्ट करायला सांगितली. सागाखालचा पाला हाताने बाजूला करा आणि माती मुठीत घ्या. माती ओलसर, काळी आणि भुसभुशीत होती. पावसाचा थेंब आधी पानांवर पडतो, मग पाल्यावर, मग हळूहळू जमिनीत मुरतो. उघड्या बरड्यावर तोच थेंब माती उचलून नाल्यात घेऊन जातो. धरणाभोवती जंगल असेल तर गाळ कमी येतो आणि नाले पावसाळ्यानंतरही झिरपत राहतात. शेतात आपण बांधबंदिस्ती करतो, ती डोंगरावर जंगल फुकट करते.

पण सगळे पाणी जंगलावरच अवलंबून आहे असे सांगितले तर ते अर्धेच खरे ठरेल. नदीच्या वरच्या अंगाला चौराईला धरण झाल्यावर इकडे येणारे पाणी घटले. २०१९ च्या पावसाळ्यात तोतलाडोह तळाला गेले आणि जुलै महिन्यात नागपूरकरांना एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले. पाऊस, धरण आणि जंगल यांचे गणित एकत्रच मांडावे लागते. त्यातला जंगलाचा आकडा एकदा पुसला की पुन्हा लिहिता येत नाही, एवढाच फरक.

आणि जंगल टिकले ते बहुतांशी वाघाच्या नावाने टिकले. वाघासाठी म्हणून ही जमीन राखली गेली, नाहीतर कधीच तुटली असती.

देशभरची जंगले, देशभरची गावे

परतताना गाडीत प्रश्न निघाला की हा त्रास आपल्यालाच आहे का. नाही. आसामात काझीरंगा आहे, ब्रह्मपुत्रेच्या काठचे गवताळ रान. २०२२ च्या मोजणीत तिथे २,६१३ गेंडे भरले. दर पावसाळ्यात पूर येतो, आणि गेंडे, हरणे, हत्ती जीव वाचवायला महामार्ग ओलांडून कार्बीच्या टेकड्यांकडे जातात. वाटेत गावे आणि शेते. गुजरातेत गीरचे सिंह २०२५ च्या गणनेत ८९१ झाले आणि त्यांतले कित्येक आता उद्यानाबाहेर, शेतांत आणि वाड्यांत फिरतात. बंगालच्या सुंदरबनात खाऱ्या पाण्यातल्या झाडीत वाघ आहे आणि मध गोळा करणारे, मासे धरणारे लोक जिवावर उदार होऊन आत जातात. भूप्रदेश बदलतो, पण काठावरच्या गावाची काळजी सारखीच राहते.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम सांगितली, राजस्थानातल्या भरतपूरची. तिथली दलदल राजांनी शिकारीसाठी पाणी सोडून तयार केली होती. १९८२ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि गावच्या म्हशींची चराई एकाएकी बंद करण्यात आली. दंगल झाली, गोळीबार झाला, गावकऱ्यांचे जीव गेले. पुढे मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने अनेक वर्षे अभ्यास केला तेव्हा दिसले की म्हशी गेल्यावर पाण्यात गवत इतके माजले की पाणपक्ष्यांनाच जागा उरेना. म्हशी आणि पक्षी एकमेकांना धरून होते. याचा अर्थ प्रत्येक जंगलात गुरे सोडावीत असा नाही. पेंचच्या सागवनात अतिचराईने रोपेच उरणार नाहीत. पण गावाला न विचारता घेतलेला निर्णय जंगलालाही महागात पडतो, एवढे भरतपूरने शिकवले.

आपल्याकडची चांगली बाजूही आहे. गोंदियात सारस पक्षी धानाच्या बांधीत घरटे करतो. तिथे शेतकरीच घरट्यावर लक्ष ठेवतात आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत तो तुकडा जपतात. कोहळी लोकांनी धानासाठी बांधलेल्या जुन्या तलावांवर थंडीत परदेशचे पक्षी येतात. नवेगावचा बांधही त्यांच्याच हातचा. त्याच रानात नोकरी करून मारुती चितमपल्ली साहेबांनी मराठी माणसाला जंगलाची ओळख करून दिली. २०२५ साली पद्मश्री मिळाल्यावर काही आठवड्यांतच ते गेले.

तेराशे किलोमीटरची वाट

आता मूळ दुखण्याकडे येऊ. २०१४ साली महाराष्ट्रात १९० वाघ होते, २०२२ साली ४४४ झाले. आठ वर्षांत दुपटीहून अधिक. जंगल मात्र तेवढेच राहिले. उमरेड-कऱ्हांडला तर अवघे १८९ चौरस किलोमीटर आहे. पिल्लू दोन वर्षांचे झाले की आईला सोडून स्वतःचा मुलूख शोधू लागते, आणि ती वाट नाल्यातून, तुरीतून, कपाशीतून जाते.

२०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरातून असाच एक नर निघाला. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून वाट कळली. तेराशे किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दिवसा झुडपात दडायचा, रात्री शेतांतून चालायचा. कितीतरी गावांना तो गेल्याचे कळलेही नाही. बहुतेक वाघांना आपल्याशी काही घेणेदेणे नसते.

पण काहींशी गाठ पडते, आणि ती फार महाग पडते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूपाने तोडणारी व्यक्ती वाकलेली असते, पाठीमागचे तिला दिसत नाही. त्या घरांपुढे ‘वाघ वाचवा’ म्हणायला तोंड होत नाही. म्हणून मी म्हणतो की वाघ देशाचा आहे, तर त्याचे ओझेही देशाने उचलावे. ते एकट्या धुऱ्यावरच्या शेतकऱ्याने का उचलावे?

सरकारने ठरवले तर होऊ शकते. मनसर ते खवासा टप्प्यात महामार्ग खांबांवर उचलला आहे, त्यातला एक पूल ७५० मीटरचा. खालून वाघ, रानकुत्रे, चितळ जात असल्याचे कॅमेऱ्यात नोंदले गेले. जनावराला वाट दिली की ते वाट धरते.

तारेचा प्रश्न

सिल्लारीहून परतताना काकाजी माझ्याशेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, “साहेब, तार मीबी लावतो. हरभऱ्याले.” मी रागावलो नाही. दोन महिने जागल करून डोळे लाल झालेला माणूस काय करील?

शेतपंपाच्या लाइनवरून सोडलेला करंट सलग वाहतो. जनावर चिकटते ते सुटत नाही, आणि माणूसही सुटत नाही. त्यात वाघ मेला तर तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे, माणूस मेला तर पुढे काय ते वेगळे सांगायला नको. सोलर कुंपणाच्या झटका मशीनमधून करंट ठोक्याठोक्याने येतो, क्षणभरच. जनावर दचकून मागे सरते, मरत नाही. व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या जन-वन विकास योजनेतून यासाठी मदत मिळते. आपले गाव त्यात बसते का, हे वनरक्षकाला आणि ग्रामपंचायतीत विचारावे.

कुंपण लावून विसरले तर चालत नाही. तारेला गवत टेकले की करंट जमिनीत जातो, म्हणून खालचे गवत दर आठवड्याला काढावे. खालची तार वर राहिली तर डुक्कर सुळकन आत शिरते. बॅटरीकडे लक्ष हवे. शक्य तर सात-आठ शेतकऱ्यांनी मिळून एकच वेढा घ्यावा, खर्च वाटला जातो आणि शेजाऱ्याच्या शेतात डुकरे ढकलली जात नाहीत.

जनावर मारले गेले किंवा पीक खाल्ले तर त्याच दिवशी वनरक्षकाला कळवावे, मेलेले जनावर जागचे हलवू नये, फोटो काढून ठेवावा. पंचनामा झाल्यावर पोच मागून घ्यावी. एकदा माझ्या ओळखीच्या शेतकऱ्याचा अर्ज एका कार्यालयात आठ महिने पडून होता. पोच होती म्हणून तो सापडला.

काकाजींनी होळीच्या आधी तार काढली. चौघा शेजाऱ्यांसह झटका मशीन बसवले. परवा फोन आला, “डुकरं तं येतेच जी, पण कमी. अन् रातच्याले झोप लागते.” मग जरा थांबून म्हणाले, “तो बी येऊन गेला. नाल्याच्या रेतीत पंजा होता. घरच्या पोरायले दाखवला.”