नोटिशीला उत्तर

रिसोडच्या आमच्या घरावर एका फायनान्स कंपनीचं गृहकर्ज आहे. कर्जदार हे, सहकर्जदार मी. यांचं कृषी केंद्र. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण आडतीत त्याहून बराच कमी भाव निघत होता. शेतकऱ्यांनी माल घरातच ठेवला, आमची उधारी त्यांच्याकडे अडकली आणि घराचे हप्ते थकले. ९० दिवस उलटले की खातं एनपीए होतं. तसं झालं आणि नोटीस आली: सरफेसी कायदा, कलम १३(२), ६० दिवसांत सगळं कर्ज भरा.

सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणे दिवाणी कोर्टातून स्टे आणा, कुणी म्हणे आता शेतीही जाईल. एका वकिलानं तर कागद न वाचताच स्टेची हमी दिली आणि फीचा आकडा सांगितला. तो ऐकून आम्ही उठलोच.

बचत गटातल्या एकीनं वाशिमच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं नाव सांगितलं. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नसते, मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्यातच तशी सोय आहे. अर्ज माझ्या नावानं केला.

नेमून दिलेले वकीलसाहेब म्हणाले, "ताई, यात दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही. कंपनीनं ताबा घेतला, तर ४५ दिवसांत नागपूरला डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जावं लागेल. त्याआधी या नोटिशीला लेखी हरकत देऊ. १५ दिवसांत त्यांना उत्तर द्यावंच लागतं." शेतीचं विचारलं, तर म्हणाले, "शेतजमिनीला हा कायदा लागत नाही." यांच्या जिवात जीव आला.

मग त्यांनी कर्जखात्याचा उतारा टेबलावर पसरला आणि पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. हप्ता, चेक परत गेल्याचा आकार, वसुलीवाल्याच्या फेरीचा खर्च, दंडव्याज. तिथे पेन्सिल थांबली. रिझर्व्ह बँकेनं २०२४ पासून दंडव्याज बंद केलंय. दंड म्हणून आकार घेता येतो, पण त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. आमच्या खात्यात ते मुद्दलात मिळवून त्यावरही व्याज धरलं होतं.

हे एकदम खुलले. साहेबांनी तिथेच आवरलं. "तेवढं कमी होईल. थकलेले हप्ते थकलेलेच आहेत. किती भरू शकता, ते बोला."

इतक्या लोकांनी इतकं सांगितलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. रात्री उधारीची वही काढली. ज्यांच्याकडून येण्यासारखं होतं त्यांच्या दारात हे स्वतः गेले. उरलेल्यासाठी माझी एकदाणी मोडली.

हरकतीसोबतच साहेबांनी थकबाकी भरण्याचा प्रस्ताव लिहिला. कंपनीच्या माणसानं फोनवर "करून टाकू" म्हटलं, तर साहेब म्हणाले, "लेटरहेडवर येऊ द्या, मग पैसे भरा." पत्र आलं. त्यात चढवलेलं व्याज वजा होतं. आम्ही थकबाकी भरली आणि खातं पुन्हा नियमित झालं.

वकिलानं घर वाचवलं, असं लोक म्हणतात. पैसे आमचेच गेले. मात्र जे देणं लागत नव्हतं ते त्यांनी काढून टाकलं आणि मुदत हातची जाऊ दिली नाही. आता गल्लीत कुणाला नोटीस आली, की हे आधी विचारतात, "तारीख कोणती पडलीय?"