कळंबचा मोकळा माळ

यवतमाळहून नागपूरच्या रस्त्याने निघालेल्या प्रवाशाला तासाभराच्या आत कळंब लागते. चिंतामणीचे गाव म्हणून ते विदर्भात सर्वश्रुत आहे. येथील मंदिराचे वैशिष्ट्य असे की देवाच्या दर्शनासाठी चढून जायचे नसते, उतरून जायचे असते. पायऱ्या उतरत उतरत भाविक जमिनीच्या पातळीखाली पोहोचतो आणि समोर कुंड दिसते. कदंबवृक्षाखाली इंद्राने चिंतामणीची स्थापना केली, अंकुशाच्या आघाताने हे जळ प्रकटले आणि गावाला कदंबपूर हे नाव मिळाले, अशी आख्यायिका आहे. साधारण बारा वर्षांनी कुंडातले पाणी वर चढते आणि देवाच्या चरणांना स्पर्श करते, अशी श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. श्रद्धेचे स्थान श्रद्धेला. परंतु हे पाणी ज्या भूमीत मुरते, ती भूमी कुंडापाशी नाही. ती गावाबाहेर, माळावर आहे, आणि यात्रेकरू तिकडे सहसा जात नाही.

कळंब या नावाच्या झाडाविषयी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. पुराणातला कदंब भरघोस पानांचा आणि चेंडूएवढ्या फुलांचा. विदर्भाच्या कोरड्या जंगलात मात्र कळंब किंवा कळम म्हटले की त्याच कुळातले दुसरे, अधिक काटक झाड समोर येते. त्याची फुलेही गोलच, पण लहान. गावाचे नाव नेमके कोणत्या झाडावरून पडले, हा वाद भाविकांनी आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी खुशाल घालावा. दोन्ही झाडांना उभे राहायला जागा लागते, एवढे निर्विवाद.

ही जागा वऱ्हाडात ‘ई-क्लास’ या नावाने ओळखली जाते. महसुली दप्तरातला हा शब्द येथील शेतकऱ्याच्या तोंडी इतका रुळला आहे की तो इंग्रजी आहे, हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. ई-क्लास म्हणजे गुरचरणाची, सरकारी मालकीची आणि गावाच्या सामाईक वापराची जमीन. वरवर पाहता ती अगदीच निरुपयोगी. मुरमाड उतार, मधूनमधून उघडा पडलेला काळा खडक, पळसाची खुरटी झुडपे, उन्हाळ्यात करपलेले कुसळी गवत. ज्याचा हिशेब मांडता येत नाही, त्याला पडीक म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. व्यापारी दृष्टीला तर ती विशेष जडलेली असते. परंतु याच पडिकावर भूमिहीनाची शेळी जगते, गावाची गुरे चरतात आणि लग्नकार्यातल्या पत्रावळीचे पळसपान येथूनच येते. पावसाळ्यात कोसळणारे पाणी क्षणभर थांबते, तेही येथेच. खालच्या काळ्या कापूसजमिनीत पाणी संथ मुरते. वरच्या मुरमातून ते झिरपत गेले, तरच विहिरीला पाझर फुटतो. माळ उघडा व धुपलेला असेल, तर तेच पाणी माती घेऊन नाल्यात जाते आणि नाल्यातून चक्रावती नदीत.

हे गणित गावोगावच्या लोकांनी कागदावर नव्हे, तर कुदळीने सोडवले. पानी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत 2017 साली राज्यातील 30 तालुके होते. यवतमाळ जिल्ह्यातून कळंब, राळेगाव आणि उमरखेड यांची निवड झाली होती. 2018 मध्ये तालुक्यांची संख्या 75 झाली आणि कळंब त्यातही होते. कालावधी 8 एप्रिल ते 22 मे, म्हणजे विदर्भातला सर्वांत कठोर उन्हाळा. दुपारी काम अशक्य; म्हणून पहाटे अथवा रात्री विजेरीच्या प्रकाशात श्रमदान करायचे. तत्त्व एकच होते: माथ्यापासून पायथ्याकडे. आधी माळाच्या माथ्यावर समतल रेषेत चर खणायचे, मग उतारावर बांध, आणि सर्वांत शेवटी नाल्यातील कामे. रेषा समतल आहे की नाही, हे लाकडाच्या साध्या ए-आकाराच्या चौकटीने आणि ओळंब्याने तपासता येत असे. चर बोटभर जरी तिरका गेला, तरी पाणी एका टोकाला गोळा होऊन तो फुटतो. निरक्षर बाईही ही चौकट अचूक चालवू शकते. 2017 चे 50 लाखांचे पहिले पारितोषिक शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील काकडदरा या लहानशा आदिवासी गावाने मिळवले. मोठ्या गावांना मागे टाकून मिळवलेले हे यश वऱ्हाडातल्या कोरडवाहू गावांना फार धीर देणारे ठरले.

या कामात जैन समाजाचा वाटाही होता. शांतिलाल मुथ्था यांनी 1985 साली स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने स्पर्धेतील गावांना खोदकामाची यंत्रे विनामूल्य उपलब्ध करून दिली. यंत्र मिळण्यासाठी गावाने आधी स्वतःच्या हातांनी ठरावीक श्रमदान केलेले असावे, ही अट होती. ही अटच सर्वांत शहाणपणाची. आयते यंत्र आले असते, तर खड्डे झाले असते. पण ते कोणाचेच नसते.

तरीही चर हे कायमचे धन नव्हे. तीन-चार पावसाळ्यांत ते गाळाने भरत येतात. दरवर्षी गाळ उपसावा लागतो, काठावर गवत आणि झाडे धरावी लागतात, चराई व कुऱ्हाड यांवर काही काळ बंधन पाळावे लागते. स्पर्धेचा उत्साह ओसरला की या नीरस कामाला माणसे मिळणे कठीण. याहून मोठा धोका असा की ज्या माळावर चर खणले, तो माळच उद्या तसा राहील याची खात्री नाही.

अतिक्रमण हा शब्द गरिबाच्या झोपडीला चटकन चिकटतो. प्रत्यक्षात सामाईक जमीन गिळणारे हात बहुधा बळकट असतात. जगपालसिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी गावाच्या सामाईक जमिनी गावाला परत द्याव्यात, असा निर्णय दिला. तो वाद एका गावतळ्याचा होता. महाराष्ट्र शासनाने त्यानंतर 12 जुलै 2011 रोजी गायरान जमिनींबाबत निर्णय काढला. कागद भक्कम आहे. मात्र त्यावर बोट ठेवून ग्रामसभेत उभे राहणारा माणूस गावातलाच असावा लागतो.

कळंबला आता चौपदरी महामार्ग आहे. 28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा ते कळंब या नव्या रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले. हाच मार्ग पुढे यवतमाळमार्गे नांदेडला जाणार आहे. रस्ता आणि रूळ आले की जमिनीचा भाव चढतो, शेते अकृषक होतात, चुन्याच्या रेघा पडतात आणि लेआउटचे फलक लागतात. गावाच्या वाढीत गैर काहीच नाही. कळंबच्या बाजारपेठेला तिची वाट पाहण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु नियमाप्रमाणे 4,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. विदर्भातल्या गावांत तिला सरळ ‘ओपन स्पेस’ म्हणतात. नकाशावर ती हिरव्या रंगाने दाखवलेली असते. प्रत्यक्षात कुठे ती कोपऱ्यातल्या नाल्याच्या खड्ड्यात ढकललेली आढळते, कुठे तिच्यावर बांधकामाचे साहित्य पडते, तर कुठे पुण्यकार्याच्या नावाने सभागृह उभे राहते. अशा लेआउटमध्ये भूखंड घेणारी बहुतेक कुटुंबे बाजारपेठेतलीच असतात. व्यवहार ठरण्यापूर्वी सातबारा, अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा ती डोळ्यांत तेल घालून पाहतात. हिरव्या तुकड्याचे मोजमाप त्याच नकाशावर लिहिलेले असते, आणि टेप घेऊन ते पडताळायला अर्धा तास पुरतो.