कुंचल्यांची आंघोळ

माणूस आपले तोंड दिवसातून तीनदा धुतो आणि ज्या रुमालाने ते पुसतो तो चौथ्या दिवशी धुवायला टाकतो. चष्म्याची काच घासूनपुसून लख्ख करतो, पण चष्म्याच्या घरात कधी बोट फिरवून पाहत नाही. आपली स्वच्छता बहुधा दिसण्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. चेहऱ्याला पावडर नि रंग लावायचे ब्रश बिचारे याच न्यायाचे बळी. ज्या गालांवरून ते फिरतात ते गाल रात्री साबणाने धुतले जातात, आणि ब्रश मात्र तसाच पेटीत जाऊन झोपतो.

माझा आणि ब्रशांचा संबंध जुना आहे. चौतीस वर्षे मी शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांना मी एकच गोष्ट घसा फोडून सांगत असे : ब्रश पाण्याच्या डब्यात उभा ठेवू नका! त्याचे टोक वाकडे होते ते होतेच. शिवाय केस जिथे दांड्याला जोडलेले असतात त्या पत्र्याच्या नळीत पाणी शिरते, आतला डिंक सुटतो आणि केस गळू लागतात. ब्रशाचा घात टोकाकडून होत नाही, मुळाकडून होतो.

निवृत्त झालो तेव्हा वाटले, आता ब्रश सुटले. पण चार वर्षांपूर्वी सूनबाई घरात आल्या त्या ब्रशांची एक भलीमोठी गुंडाळी घेऊनच. लग्नात नवरीचा मेकअप करणे हा त्यांचा व्यवसाय. आमच्या नात्यातल्या एक वयस्कर बाई नाक मुरडून म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्यांची तोंडं रंगवते म्हणा की!" मी म्हटले, "वन्सं, मी जन्मभर कागद रंगवले, ही माणसं रंगवते. घराण्याची बढतीच झाली." जपानात हिरोशिमाजवळ कुमानो नावाचे गाव आहे. अक्षरे काढायचे, चित्रे काढायचे आणि चेहऱ्याला लावायचे, तिन्ही प्रकारचे ब्रश तिथे होतात. २०११ साली जपानच्या मुलींनी फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, तेव्हा तिथल्या सरकारने मोठा सन्मान देताना भेट म्हणून कुमानोचे मेकअपचे ब्रशच दिले. तिथे कोणी नाक मुरडल्याचे ऐकिवात नाही.

तर हल्ली दर सोमवारी संध्याकाळी आमच्या मोरीत सव्वीस कुंचल्यांची आंघोळ असते, आणि ती घालायचे काम मी मागून घेतले आहे. कृती साधी आहे. वाडग्यात कोमट पाणी घ्यावे, त्यात चमचाभर सौम्य शांपू. लहान मुलांचा असला तर उत्तम. ब्रशाचे टोक खाली धरून तेवढेच भिजवावे. पत्र्याच्या नळीला पाणी लागू देऊ नये. मग तळहातावर हलक्या हाताने गोल गोल फिरवावे. पावडरचा ब्रश लवकर शरण येतो. फाउंडेशनचा तेलकट ब्रश हट्टी. त्याला आधी खोबरेलाचा थेंब लावावा, म्हणजे तेलाने तेल सुटते. पाणी अगदी नितळ येईपर्यंत धुवावे, कोरड्या पंचात अलगद दाबावे, बोटांनी केसांना पहिला आकार द्यावा आणि टेबलाच्या कडेला आडवे ठेवावे, केस हवेत राहतील असे. उभे ठेवले की पाणी मुळात उतरते. ओल्या पंचावर लोळवले की बुरशीचा वास धरतात. वाळवायची घाई करून गरम हवा मारली, तर डिंक सैल पडतो.

"अहो, एवढं तर तुम्ही कधी आपल्या भातुकलीच्या भांड्यांनाही जपलं नसेल," असे आमची ही म्हणते. पण त्या पांढऱ्या वाडग्यातले पहिले पाणी तिने एकदा पाहिले आणि तिसऱ्यांदा बोलली नाही. रंग तर दिसतोच. न दिसणारे त्याहून वाईट. कातडीचे तेल, मेलेल्या त्वचेचा भुगा आणि त्यावर पोसणारे जंतू. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संस्था सांगते की, घरचा ब्रशसुद्धा सात ते दहा दिवसांनी धुवावा. सूनबाईंचे ब्रश तर आज एका चेहऱ्यावर, उद्या दुसऱ्या. म्हणून त्या प्रत्येकीसाठी वेगळा धुतलेला संच नेतात, आणि ओठांचा रंग कांडीवरून थेट कोणाला लावत नाहीत.

गेल्या वैशाखात एक मुलगी आईबरोबर आमच्याकडे आली. साखरपुड्याला तिने दुसरीकडे कुठे मेकअप करून घेतला होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही गाल लाल, त्यावर बारीक पुटकुळ्या. पंधरा दिवस ती घराबाहेर पडली नव्हती. डॉक्टरांच्या औषधाने चेहरा निवला होता. भीती मात्र निवली नव्हती. आई दराचे बोलत होती आणि मुलगी गालावर हात ठेवून खुर्चीच्या कडेला बसली होती. शेवटी हळूच म्हणाली, "ताई, ब्रश नवे असतात ना?"

'हो' म्हणणे किती सोपे होते! सूनबाई म्हणाल्या, "नवे नाहीत. धुतलेले आहेत." आणि त्यांनी गुंडाळी उघडून एक ब्रश आणि पांढरा रुमाल तिच्या हातात दिला. मुलीने ब्रश रुमालावर घासला. डाग उमटला नाही. मग तिने तो नाकाशी नेला आणि थोड्या वेळाने गालावरचा हात खाली घेतला.

सूनबाईंनी तिला आधी डॉक्टरांना विचारून यायला सांगितले. नंतर दोन दिवस जबड्याखाली थोडा रंग लावून पाहिला. लग्न शुक्रवारी झाले. नवरी सुंदर दिसली, असे मांडवात सगळे म्हणाले. पण त्या कौतुकाने सूनबाई काही हसल्या नाहीत. त्या फोनची वाट पाहत होत्या.

तो तिसऱ्या दिवशी आला. "ताई, काहीच झालं नाही!" एवढे एकच वाक्य, आणि मागे सासरच्या माणसांचे हसणे.

सूनबाईंनी फोन ठेवला आणि ब्रशांची गुंडाळी माझ्यापुढे सरकवली. सोमवार होता.