स्टीफन्सची ओवी

कोल्हापुरात ख्रिस्ती भक्तिगीतांचा विषय निघाला की वायल्डर मेमोरियल चर्च आणि रेव्हरंड टिळक आठवतात. दोन्ही नावं प्रॉटेस्टंट. मराठीतला कॅथलिक भक्तिकवी म्हटलं की माझ्यापुढे उभे राहतात गोव्याचे फादर थॉमस स्टीफन्स.

जन्माने इंग्रज. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिकांना जगणं कठीण झालेलं. स्टीफन्स रोममध्ये जेझुइट झाले, १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१९ साली तिथेच वारले. त्यांचं पुढचं बहुतेक आयुष्य गोव्यातल्या साष्टीत गेलं. त्याच साष्टीत पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली गेली होती, पोथ्या हिरावल्या गेल्या होत्या. हे विसरून त्यांचं कौतुक करणं मला जमत नाही. पण पुराण ऐकायची सवय लागलेल्या माणसांचे कान रिकामे पडले आहेत, हे तिथल्या सगळ्या पाद्र्यांमध्ये स्टीफन्सना कळलं. त्यांनी त्या लोकांसाठी पुराणच रचलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापलं गेलं. अक्षरं रोमन, भाषा मराठी, अधूनमधून कोकणीची फोडणी.

लॅटिन स्तोत्रांच्या चाली त्यांना पाठ असणार. तरी त्यांनी घेतली ती ओवी. तीन चरण यमकाने एकमेकांचा हात धरून चालतात आणि चौथा आखूड होऊन खाली बसतो. आमच्याकडे ज्ञानेश्वरीच्या पारायणात हीच चाल घुमते, म्हणून मोठ्याने वाचायला घेतलं की कोल्हापूरकराचा आवाजही आपोआप लागतो. अर्थ मागून येतो. गीतकाराने आपली चाल सोडून ऐकणाऱ्याच्या चालीत जावं, याहून मोठी नम्रता मला ठाऊक नाही.

पुढे १६८४ साली पोर्तुगीजांनी स्थानिक भाषांवरच बंदी घातली. पुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. टिकल्या त्या हातांनी उतरवलेल्या वह्या. त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणांनी १९०७ साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलूंनी तो देवनागरीत आणला.

आता तो अभ्यासकांच्या कपाटात आहे, याचं वाईट वाटतं. आमच्या एखाद्या भजनी मंडळाने पेटी-मृदंगावर यातला एक अध्याय लावावा, अशी माझी फार इच्छा आहे. चाल तर मंडळाला आधीच येते.