समितीपुढची पाच मिनिटे

टोरांटो महापालिकेच्या समितीपुढे कोणीही उभे राहून बोलू शकते. आधी नाव नोंदवायचे, पाळी आली की माईकपाशी जायचे आणि साधारण पाच मिनिटांत आपले म्हणणे मांडायचे. तुम्ही मतदार आहात का, असे कोणी विचारत नाही. पूर्ण सभागृहात ही सोय नाही, पण बऱ्याच विषयांची खरी घासाघीस समितीतच होते. मावशीच्या यजमानांनी हे सांगितले तेव्हा माझा विश्वास बसेना. काका तिथे सत्तरच्या दशकात गेलेले, आता निवृत्त. म्हणाले, "अगं, मग चल ना. दार उघडंच असतं."

दार खरोखरच उघडे होते. क्वीन स्ट्रीटवरची महापालिकेची ही इमारत 1965 साली खुली झाली. फिनलंडच्या विल्यो रेव्हेल या वास्तुरचनाकाराने ती आखली आणि ती पुरी होण्याआधीच तो वारला. एक 27 आणि दुसरा 20 मजल्यांचा, असे दोन वळणदार मनोरे समोरासमोर, आणि त्यांच्या मधोमध बशीसारखे सभागृह. पुढच्या चौकात हिवाळ्यात तळे गोठवतात आणि लोक त्यावर घसरत फिरतात. नगरसेवकांच्या दारात माणसांनी खेळावे ही कल्पनाच मला फार आवडली.

समितीच्या खोलीत आम्ही मागे बसलो. सत्तरीच्या एक बाई काठी टेकत पुढे आल्या. त्यांच्या इमारतीसमोरच्या रस्त्यावर पादचाऱ्यांचा सिग्नल फार लवकर बदलतो, एवढाच विषय. पण तयारी काय! आलेखाच्या कागदावर त्यांनी चार मार्गिकांचा रस्ता काढला होता, आपण चालताना सिग्नल बदलतो ती जागा तांबड्या पेनाने दाखवली होती. इमारतीतल्या शेजाऱ्यांना सोबत घेऊन सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी घड्याळ लावून वेळ मोजली होती. वेळ संपल्यावर एका नगरसेविकेने विचारले, "मध्ये थांबायला दुभाजक आहे का?" "आहे, पण त्यावर दोनच माणसं मावतात. आणि चाकाची खुर्ची मावतच नाही." मग तिथेच बसलेल्या अधिकाऱ्याला उत्तर द्यायला बोलावले. बाई शांतपणे उभ्या राहून ऐकत होत्या. पुण्यात फुटपाथच्या एका फरशीसाठी मी अर्ज घेऊन टेबलाटेबलावर फिरले आहे, त्यामुळे हे पाहताना माझा गळा दाटून आला.

आणखी एका गोष्टीने मी थक्क झाले. इथे पालिकेच्या निवडणुकीत पक्षच नसतात. मतपत्रिकेवर नुसती नावे, चिन्ह नाही. जून 2023 मध्ये महापौरपदाची पोटनिवडणूक झाली, तेव्हा 102 उमेदवार उभे होते. निवडून आल्या ऑलिव्हिया चाव, ज्या तेरा वर्षांच्या असताना हाँगकाँगहून आईवडिलांबरोबर आल्या होत्या. मात्र इतक्या मोकळ्या दारातही लोक मतदानाला फार येत नाहीत. 2022 च्या निवडणुकीत तीस टक्क्यांहूनही कमी मतदान झाले. काकांचा राग यावरच जास्त. "आपल्याकडे दिल्लीतलं असतं तसं राजधानी ओटावातलं सगळं यांना पाठ असतं. आपला नगरसेवक कोण, ते विचार एकेकाला."

लोकांनी आवाज उठवला तर काय होते हे दाखवायला दुपारी काकांनी मला ॲलन रोडवर नेले. हा रुंद, वेगवान रस्ता शहराकडे धावत येतो आणि एग्लिंटन ॲव्हेन्यूपाशी एकाएकी संपतो. पुढे सिग्नल, आणि सिग्नलपाशी गाड्यांची रांग. तो स्पडायना एक्सप्रेसवे म्हणून थेट शहराच्या मध्यभागी जायचा होता. वाटेतल्या जुन्या वस्त्यांतल्या रहिवाशांनी त्याविरुद्ध आघाडी उघडली. शहरांविषयी लिहिणाऱ्या जेन जेकब्स त्यांत होत्या. मुलांना व्हिएतनामच्या युद्धावर जावे लागू नये म्हणून 1968 साली त्या न्यूयॉर्क सोडून इथे आल्या होत्या. अखेर 1971 साली ऑन्टॅरिओ प्रांताचे मुख्यमंत्री बिल डेव्हिस यांनी पुढचे काम थांबवले. ज्या गल्ल्यांतल्या घरांवरून तो रस्ता जायचा होता त्या गल्ल्यांतून आम्ही नंतर चाललो. मेपलची झाडे, पायऱ्यांवर ठेवलेल्या सायकली, कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान, सगळे जागच्या जागी.

पण इथेच मेख आहे. रस्ता थांबवला तो प्रांताने, शहराने नव्हे. 1867 च्या राज्यघटनेने पालिकांचा सगळा कारभार प्रांतांकडे दिला. प्रांताने ऐकले तर लोक जिंकतात, नाही ऐकले तर दादच नाही. 1997 साली टोरांटो भागातल्या सहा पालिका एकत्र करायला सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी सार्वमतात नकार दिला, तरी 1 जानेवारी 1998 ला त्या एकत्र झाल्याच. 2018 मध्ये तर निवडणुकीचा प्रचार चालू असताना प्रांताने कायदा करून 47 प्रभागांचे 25 केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2021 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कायदा टिकला. क्वीन्स पार्क, म्हणजे प्रांताचे विधिमंडळ, महापालिकेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. "बोलायचं इथं, आणि किल्ली तिथं," काका म्हणाले.

हे आपल्याला ओळखीचे आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने आपल्या शहरांना घटनेत जागा मिळाली, कॅनडातल्या शहरांना तेवढीही नाही. तरी मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर मुंबई आणि पुणे जवळजवळ चार वर्षे प्रशासकांच्या हाती राहिले, आणि मुंबईचे प्रभाग किती याचेही आकडे सरकारे बदलली तसे बदलले. वरच्या सरकारचा हात दोन्हीकडे सारखाच लांब. फरक आहे तो खालच्या पायरीवर. टोरांटोत निदान आपल्या वस्तीतला सिग्नल, झाड, बाक याबद्दल माणसाला नावानिशी बोलता येते, आणि ऐकणारा प्रश्न विचारतो. मला तोच फरक मोठा वाटतो, कारण रोजचे आयुष्य त्याच पायरीवर जाते.

मुलांकडे टोरांटोला जाणारे आपले आईवडील नायगारा आणि सीएन टॉवर पाहून येतात. त्यांनी एक सकाळ महापालिकेसाठी ठेवावी. समितीचा विषय आधी कळतो आणि बसायला पैसे पडत नाहीत. आणि परत आल्यावर आपल्या नगरसेवकाला एक विचारावे. महाराष्ट्राच्या कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, जिथे मतदारांनी आपल्या भागातली कामे स्वतः सुचवायची आहेत. आपल्या प्रभागात ती सभा कधी भरणार आहे?